उद्देशिका : पाठ आणि निरूपण

महाराष्ट्रातल्या शालेय पाठ्यपुस्तकांच्या आरंभीच्या पानांवर भारतीय संविधानाची उद्देशिका छापलेली असते. तिच्या सोबतीला राष्ट्रगीत आणि प्रतिज्ञा. पुस्तक गणिताचे असो, भूगोलाचे असो की मराठीचे, ही पाने बदलत नाहीत. न बदलणाऱ्या गोष्टींचे जे होते तेच त्यांचेही झाले आहे. ती सर्वांना ठाऊक असतात आणि थांबून कोणी वाचत नाही. २०१५ पासून २६ नोव्हेंबर हा दिवस देशभर संविधान दिन म्हणून साजरा होऊ लागला. २६ जानेवारी २०२० पासून राज्यातील शाळांत परिपाठाच्या वेळी उद्देशिकेचे सामूहिक वाचन करण्याचा निर्णय शासनाने घेतला. त्यामुळे आजच्या विद्यार्थ्याच्या कानांवरून उद्देशिका मागच्या पिढीपेक्षा अधिक वेळा गेली आहे, यात शंका नाही. ती त्याला अधिक समजली आहे का, हा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

भाषेच्या शिक्षकाने या प्रश्नाकडे पाहायचे तर वाक्यरचनेपासूनच आरंभ करावा लागेल. उद्देशिका हे एकच वाक्य आहे. ‘आम्ही, भारताचे लोक’ हा त्याचा कर्ता अगदी आरंभी येतो आणि ‘अर्पण करत आहोत’ हे क्रियापद अगदी शेवटी. मधल्या ओळींत न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता असा सगळा पसारा. शाळेतील मूल श्वास राखत राखत क्रियापदापर्यंत पोहोचते, तोवर कर्ता कोण होता हे त्याच्या लक्षातून गेलेले असते. त्यातच क्रियापदाच्या अलीकडे ‘स्वतःप्रत’ हा शब्द आहे. ‘निर्णयाप्रत येणे’ यासारख्या एखाद्या प्रयोगाखेरीज ‘प्रत’ हे शब्दयोगी अव्यय आता बोलण्यातून गेलेच आहे. आजच्या विद्यार्थ्याला ‘प्रत’ म्हटले की झेरॉक्स आठवते. वस्तुतः त्या वाक्याचे सगळे मर्म या शब्दात आहे. हे संविधान आम्ही आम्हांलाच देत आहोत. देणारे आणि घेणारे वेगळे नाहीत. १९३५ चा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने केला होता आणि हिंदुस्थानने तो घेतला होता. उद्देशिकेत देणारा असा कोणी उरलेलाच नाही. हा फरक ज्या विद्यार्थ्याला एकदा समजला, त्याला नागरिक आणि प्रजा या दोन शब्दांतला फरक निराळा शिकवावा लागत नाही.

शेजारच्या प्रतिज्ञेशी ताडून पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. प्रतिज्ञा १९६२ साली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव या तेलुगू लेखकाने लिहिली आणि पुढे ती देशभरच्या शाळांत गेली. तिचा कर्ता ‘मी’ आहे. देशावर प्रेम करण्याचे, वडीलधाऱ्यांचा मान ठेवण्याचे वचन त्यात एक मूल देते. उद्देशिकेचा कर्ता ‘आम्ही’ आहे आणि त्यात वचन मिळते ते नागरिकांना. एकीत माझे कर्तव्य आहे, दुसरीत माझा हक्क आणि तो एकमेकांना मिळवून देण्याची आपली सामूहिक जबाबदारी. दोन्हींची गरज आहेच. पण आपण दोन्ही एकाच सुरात, हात पुढे करून, एकाच प्रकारे म्हणायला लावतो, आणि मग मुलांना दोन्ही एकच वाटू लागतात. उद्देशिका ही आपण देशाला द्यायची आणखी एक ग्वाही आहे, असा समज त्यातून तयार होतो. देशाने आपल्याला दिलेली ती ग्वाही आहे, हे बाजूलाच राहते.

हा समज एका पिढीत तयार झालेला नाही. नागरिकशास्त्र हा विषयच आपल्याकडे कसा आला ते पाहिले पाहिजे. १८९७ साली विल्यम ली-वॉर्नर यांचे ‘द सिटिझन ऑफ इंडिया’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ली-वॉर्नर हे मुंबई इलाख्यात नोकरी केलेले सनदी अधिकारी, आणि पुस्तक शाळांसाठी लिहिलेले. गाव, शहर, जिल्हा, प्रांत अशा पायऱ्यांनी राज्यव्यवस्थेची ओळख करून द्यायची आणि ब्रिटिश अमलामुळे शांतता, शिक्षण, आरोग्य, व्यापार यांचा कसा लाभ झाला ते विद्यार्थ्याच्या मनावर ठसवायचे, असे त्याचे धोरण होते. शीर्षकात ‘सिटिझन’ हा शब्द असला तरी ज्याला उद्देशून ते लिहिले होते तो मुलगा कायद्याने राणीची प्रजा होता. राज्य कसे चालते हे त्याने जाणून घ्यावे, ते कोणाच्या संमतीने चालते हे विचारू नये, अशी ती योजना होती.

स्वातंत्र्यानंतर अर्थातच आशय बदलला. राणी गेली, लोकशाही आली. पण पायऱ्यांची मांडणी बरीचशी तशीच राहिली. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, विधानसभा, संसद या उतरंडीने विषय पुढे सरकतो. राज्यसभेच्या सदस्यासाठी किमान वय ३०, राष्ट्रपतिपदासाठी ३५, ही माहिती रिकाम्या जागा भरण्यासाठी फार सोयीची. इतिहासाच्या पुस्तकाला जोडलेले शेवटचे काही धडे, परीक्षेच्या आदल्या रात्री उरकण्याचे, अशीच या विषयाची ओळख अनेक पिढ्यांच्या मनात आहे. पुस्तके सुधारली नाहीत असे नाही. २०१७ साली आलेल्या बालभारतीच्या सातवीच्या पुस्तकात उद्देशिकेवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि तिच्यातील एकेका संज्ञेचा अर्थ त्यात सोप्या भाषेत सांगितला आहे. अर्थ सांगणे हे एक पाऊल पुढे खरेच. पण शब्दाचा अर्थ आणि तो शब्द तेथे का आला याचा इतिहास या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरीवाचून पहिली फार काळ टिकत नाही.

आपल्या कीर्तनपरंपरेत हे कोणाला सांगावे लागत नाही. मूळ पद म्हटले जाते, मग त्याचे निरूपण होते, आणि उत्तररंगात त्याला आख्यानाची जोड मिळते. पाठांतराची टिंगल करण्याचे कारण नाही. पाठ नसेल तर निरूपण कशाचे करणार? मात्र नुसत्या पदावर कीर्तन आटोपत नाही. उद्देशिकेचे पद आपण शाळाशाळांतून म्हणवून घेतो. तिचे निरूपण क्वचित होते आणि आख्यान तर कोणाला ठाऊकच नसते. वास्तविक ते आख्यान अत्यंत रोचक आहे.

त्याचा आरंभ डिसेंबर १९४६ मध्ये होतो. ९ डिसेंबरला दिल्लीत संविधान सभेची पहिली बैठक भरली आणि १३ डिसेंबरला जवाहरलाल नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. उद्देशिकेचे बीज या ठरावात आहे. परंतु त्या दिवशीची सभा अपुरी होती. मुस्लिम लीगचे सदस्य आलेले नव्हते, संस्थानांचे प्रतिनिधी यायचे होते. मुंबईचे बॅरिस्टर मु. रा. जयकर यांनी उपसूचना मांडली की हे सारे घटक येईपर्यंत ठरावावरील निर्णय लांबणीवर टाकावा. त्या वातावरणात ही सूचना अनेकांना अप्रिय वाटली. १७ डिसेंबरला अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी अनपेक्षितपणे डॉ. आंबेडकरांचे नाव पुकारले. आपली पाळी इतक्या लवकर येईल असे वाटले नव्हते, हे त्यांनी भाषणाच्या आरंभीच सांगितले. आंबेडकरांनी जयकरांच्या सूचनेला पाठिंबा दिला. ठराव करण्याचा अधिकार सभेला आहे की नाही हा प्रश्न नाही, तो अधिकार आज वापरणे शहाणपणाचे आहे का हा प्रश्न आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. त्याच भाषणात त्यांनी ठरावातली उणीवही दाखवली. त्यात हक्कांचा उच्चार आहे, पण हक्क डावलला गेला तर दाद कोठे मागायची याचा उल्लेख नाही. आणि उपायाविना हक्क म्हणजे काहीच नव्हे. पुढे संविधानात थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याचा हक्क देणारा ३२ वा अनुच्छेद आला. त्याची पूर्वखूण या भाषणात दिसते.

ठरावावरील निर्णय जानेवारीपर्यंत पुढे गेला आणि २२ जानेवारी १९४७ रोजी सदस्यांनी उभे राहून तो संमत केला. येथे एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. आंबेडकर संविधान सभेत प्रथम आले ते बंगालमधून. फाळणीमुळे ती जागा गेली, आणि जुलै १९४७ मध्ये ते मुंबई प्रांतातून पुन्हा निवडून आले, ते जयकरांच्याच राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या जागेवर. थांबा, विचार करा, जे येथे नाहीत त्यांचीही वाट पाहा असे सांगणारे हे दोन मराठी भाषक, आणि एकाची जागा दुसऱ्याकडे गेली. राष्ट्राच्या पायाभरणीच्या पहिल्या आठवड्यातच मतभेदाला जागा मिळाली होती आणि मतभेद दाखवणाऱ्याकडेच पुढे मसुदा समितीचे अध्यक्षपद आले, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगितली तर ‘लोकशाही’ या शब्दाची आणखी व्याख्या किती करावी लागेल?

आता नेहरूंचा ठराव आणि आजची उद्देशिका शेजारी ठेवून पाहू. ठरावात सामाजिक, आर्थिक, राजनैतिक न्याय आहे. दर्जाची, संधीची आणि कायद्यापुढील समानता आहे. विचार, अभिव्यक्ती, श्रद्धा यांचे स्वातंत्र्यही आहे. गणराज्याला ‘लोकशाही’ हे विशेषण मात्र नाही. गणराज्य या शब्दात ते आलेच, असे स्पष्टीकरण नेहरूंनी दिले होते. मसुदा समितीने ते विशेषण घातले. आणि ठरावात नसलेला, मसुदा समितीने नव्याने आणलेला दुसरा शब्द म्हणजे बंधुता.

हा शब्द केव्हा आला ते पाहिले म्हणजे तो का आला ते कळते. मसुदा समितीने आपला मसुदा २१ फेब्रुवारी १९४८ रोजी अध्यक्षांकडे पाठवला. फाळणीच्या कत्तली होऊन काही महिने झाले होते. निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या होत्या. ३० जानेवारीला दिल्लीत गांधीजींची हत्या झाली होती आणि त्यानंतर महाराष्ट्रात जे घडले, जी घरे जळाली, तेही ताजे होते. देशाला बंधुभावाची आणि सलोख्याची आज जितकी गरज आहे तितकी कधीच नव्हती, अशा आशयाचे कारण समितीने या भरीसाठी दिले. ‘बंधुता’ हा शब्द आपण रक्षाबंधनाच्या निबंधातला समजतो, प्रत्यक्षात तो रक्त सुकण्यापूर्वी लिहिलेला आहे. त्याची जागाही पाहण्यासारखी आहे. ही बंधुता प्रथम व्यक्तीच्या प्रतिष्ठेचे आश्वासन देते, मग राष्ट्राच्या एकतेचे. राष्ट्र एक राहावे म्हणून व्यक्तीने मान खाली घालावी, असा क्रम लावलेला नाही.

आंबेडकरांच्या मनात या शब्दाला आणखी एक कंगोरा होता. २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात त्यांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही एकमेकांपासून तोडता न येणारी त्रयी असल्याचे सांगितले. बंधुता नसेल तर उरलेली दोन्ही तत्त्वे वरवरच्या रंगासारखी राहतील, असा त्यांचा इशारा होता. आणि जातींमुळे समाज विभागलेला असताना आपण राष्ट्र झालो आहोत असे समजणे ही आत्मवंचना आहे, असेही त्यांनी बजावले. ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी स्पष्ट केले की ही तीन तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहेत. पाठ्यपुस्तकांत मात्र ही त्रयी बहुधा फ्रान्सच्या खात्यावरच जमा असते.

आख्यानातला सर्वांत नाट्यमय प्रवेश १७ ऑक्टोबर १९४९ चा. उद्देशिकेची चर्चा मुद्दाम शेवटी ठेवली होती. आधी संविधान ठरावे, मग त्याच्याशी सुसंगत उद्देशिका. त्या दिवशी हरि विष्णु कामत यांनी उपसूचना मांडली की उद्देशिकेचा आरंभ ‘ईश्वराच्या नावाने’ असा व्हावा. कामत हे मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी. सभागृहातले बहुसंख्य सदस्य श्रद्धावान होते, त्यामुळे ही सूचना फेटाळणे सोपे नव्हते. पूर्णिमा बॅनर्जी यांनी कामतांना विनंती केली की ईश्वरावर मत देण्याच्या संकटात आम्हांला टाकू नका. त्रावणकोरचे पट्टम थानू पिल्लई यांनी सांगितले की आपण स्वतः आस्तिक आहोत, पण विश्वास ठेवण्याचा किंवा न ठेवण्याचा प्रत्येकाचा हक्क या शब्दांनी बाधित होईल. हृदयनाथ कुंझरूंचा आक्षेप तर उद्देशिकेच्याच आधारे होता. जी उद्देशिका विचार, विश्वास, श्रद्धा यांचे स्वातंत्र्य देते तिच्याच पहिल्या ओळीत आपण सर्वांवर एक श्रद्धा कशी लादणार? कामतांनी मतदानाचा आग्रह धरला. बाजूने ४१, विरोधात ६८. सूचना पडली. गांधीजींचे नाव उद्देशिकेत घालण्याची शिब्बनलाल सक्सेना यांची सूचनाही त्याच दिवशी पुढे आली होती आणि ती मागे घेण्यात आली.

या एका दिवसात नागरिकशास्त्राचे किती धडे आहेत! ज्यांनी विरोधी मत दिले त्यांतले अनेक जण घरी देवपूजा करणारे होते. त्यांनी देवाविरुद्ध मत दिले नाही; आपली श्रद्धा दुसऱ्याच्या तोंडी घालायची नाही, यासाठी मत दिले. धर्मनिरपेक्षता या शब्दाचा उद्देशिकेत पत्ताही नव्हता तेव्हाची ही गोष्ट. आणि ४१ हा आकडाही विसरून चालणार नाही. ते ४१ जण देशाचे वैरी नव्हते. ते हरले आणि त्याच संविधानाखाली पुढे काम करत राहिले. कामत स्वतः नंतर लोकसभेत गेले.

याच्या पुढचा भाग अधिक नाजूक आहे आणि म्हणून वर्गात तो टाळलाच जातो. ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द, तसेच ‘एकते’च्या जोडीला ‘एकात्मता’, ही भर १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने, आणीबाणीच्या काळात पडली. पण उद्देशिकेच्या अखेरीस तारीख आहे ती २६ नोव्हेंबर १९४९. परिपाठात उभे असलेले मूल त्यामुळे असे समजते की हे सारे शब्द त्या दिवशी एकत्र संमत झाले. ते तसे नव्हते, हे सांगण्यात भिण्यासारखे काय आहे? उलट ही हकिगत सांगितली तर बरेच काही उलगडते. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी के. टी. शहा यांनी ‘सेक्युलर’ आणि ‘समाजवादी’ हे शब्द संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदात घालण्याची सूचना केली होती. आंबेडकरांनी ती नाकारली. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे पुढच्या पिढ्यांनी काळ पाहून ठरवावे, संविधानाने त्यांचे हात बांधू नयेत, हे त्यांचे एक कारण; आणि समाजवादाचा आशय मार्गदर्शक तत्त्वांत आधीच आलेला आहे, हे दुसरे. शब्द नसले म्हणजे तत्त्व नव्हते असे नाही, हे यावरून दिसते. शब्द आले म्हणजे तत्त्व रुजले असेही नाही, हे त्यानंतरच्या वर्षांनी दाखवले.

भाषेच्या अंगानेही येथे थांबण्यासारखे आहे. १९७६ च्या त्या एका इंग्रजी शब्दासाठी अधिकृत मराठी उद्देशिकेत ‘धर्मनिरपेक्ष’ आहे आणि हिंदीत ‘पंथनिरपेक्ष’. धर्म आणि पंथ या शब्दांमधले अंतर ज्याला कळते त्याला यातला वादही कळेल. दोन्ही पाठ फळ्यावर शेजारी लिहून, अनुवादकांनी असे का केले असेल, एवढेच विचारले तरी नववी-दहावीच्या वर्गात तास अपुरा पडेल.

न्यायालयांतही उद्देशिकेचा प्रवास सरळ झालेला नाही. १९६० च्या बेरुबारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती संविधानाचा भाग नसल्याचे मत दिले. २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालात, १३ न्यायमूर्तींच्या पीठाने, ती संविधानाचा भाग असल्याचे मान्य केले. याच निकालात सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने मूलभूत संरचनेचे तत्त्व प्रस्थापित झाले. आणि १९७६ चे शब्द काढून टाकावेत अशी मागणी करणाऱ्या याचिका त्या न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी फेटाळल्या. संसदेचा दुरुस्तीचा अधिकार उद्देशिकेलाही लागू आहे आणि स्वीकृतीच्या तारखेने तो मर्यादित होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. निकाल कोणाला पटो वा न पटो, पंचाहत्तर वर्षांनंतरही त्या एका वाक्यावर न्यायालयात युक्तिवाद होतो, याचा अर्थ ते जिवंत आहे.

येथपर्यंतची कथा दिल्लीतल्या सभागृहाची. तत्त्वे मात्र तेथे जन्मली नाहीत, तेथे ती नोंदली गेली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क मिळाला. पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ पर्यंत थांबावे लागले, आणि ते प्यायल्यावर डोकी फुटली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाडला पुन्हा परिषद भरली. तेथे आंबेडकरांनी १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेचा दाखला दिला आणि जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. तळ्याचा दावा चालूच राहिला. उच्च न्यायालयाचा निर्णय अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १९३७ मध्ये. ठराव, कृती, मार, दावा, निकाल अशी ही चौदा वर्षे. उद्देशिकेतील ‘दर्जाची समानता’ या दोन शब्दांचे याहून नेमके निरूपण कोणते? रायगड जिल्ह्यातील शिक्षकाला तर त्यासाठी पुस्तकही लागू नये.

दुसरे उदाहरण पंढरपूरचे. २९ एप्रिल १९४७ रोजी संविधान सभेने मूलभूत हक्कांच्या चर्चेत अस्पृश्यता नष्ट केल्याचे कलम स्वीकारले. त्यानंतर दोनच दिवसांनी, १ मे रोजी, विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण सुरू केले. दिल्लीत कलम आणि पंढरपुरात बंद दार, एकाच आठवड्यात. दार उघडले, पण त्यासाठी आधी कित्येक महिने गुरुजींना गावोगाव फिरून लोकांची मने वळवावी लागली. कलमाने मन वळत नाही आणि मन वळले तरी कलमावाचून हमी मिळत नाही. दोन्ही हवीत, ही साधी गोष्ट या दोन तारखा शेजारी ठेवल्या की आपोआप समजते.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना आंबेडकरांनी संवैधानिक नीतिमत्तेचा मुद्दा काढला होता. ही भावना माणसात उपजत नसते, ती मशागत करून वाढवावी लागते, आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे, असे त्यांचे म्हणणे होते. नागरिकशास्त्राचे खरे प्रयोजन यात आले. राष्ट्रपतींच्या वयाची अट आणि लोकसभेची सदस्यसंख्या संगणकावर क्षणात सापडते. आपल्याला न आवडणारे मत ऐकून घेणे, हरल्यावर नियम न मोडणे, जिंकल्यावर हरलेल्याचा हक्क राखणे, या गोष्टी सापडत नाहीत. त्यांचा सराव लागतो.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा की मुले लहान आहेत, इतके वाद त्यांना कशाला? या मुलांना अफझलखानाच्या भेटीतला डाव आणि पानिपतावरचे मतभेद प्राथमिक शाळेपासून समजतात. मतांचा ४१ विरुद्ध ६८ हा हिशेब त्याहून अवघड नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो शिक्षकांकडूनच येतो. वर्गात यातला एखादा विषय काढला तर बाहेर त्याचे काय होईल सांगता येत नाही. त्यापेक्षा पाठ म्हणवून घ्यावे आणि पुढे जावे. ही भीती खोटी नाही आणि तिची चेष्टाही करू नये. परंतु तिच्यावरचा उपाय मौनात नाही, तपशिलात आहे. शिक्षकाने स्वतःचे मत सांगितलेच पाहिजे असे नाही. त्याने कामतांचे म्हणणे कामतांच्या बाजूने आणि कुंझरूंचे कुंझरूंच्या बाजूने, दोन्ही पूर्ण ताकदीने मांडावे. संविधान सभेच्या चर्चा छापलेल्या आहेत, त्या कोणालाही वाचता येतात. त्यांवर आधारलेल्या तासाला पक्षाचा रंग लावणे सोपे नाही.

सामूहिक वाचनाविषयीही गैरसमज नको. अनेक वस्त्यांत, सभांत, लग्नांतसुद्धा लोक उद्देशिका वाचतात, आणि ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कोणी ‘आम्ही’मध्ये धरले नाही त्यांनी तो शब्द मोठ्याने उच्चारणे याला स्वतःचे मोल आहे. तेथे पाठामागे आख्यान असते. महाड घराघरांत ठाऊक असते. उणीव आहे ती शाळेत, जेथे पाठ आहे आणि मागे काही नाही.

संविधान तयार करायला तीन वर्षांहून थोडा कमी काळ लागला. आंबेडकरांनी समारोपात दिलेल्या आकड्यांनुसार मसुद्यावर ७६३५ उपसूचना आल्या आणि त्यांपैकी २४७३ सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. म्हणजे जे आपण एका श्वासात वाचतो त्यामागे अडीच हजार वेळा कोणीतरी उभे राहून, हे असे नको, तसे हवे, असे म्हटले आहे. परिपाठानंतरच्या एखाद्या तासाला यांतली एक उपसूचना मुलांपुढे ठेवावी, बाजू वाटून द्याव्यात आणि शेवटी हात वर करून मते मोजावीत. निकाल १९४९ चाच लागेल असे नाही. लागू नये असेही नाही. हरलेला गट पुढच्या तासाला वर्गात येऊन बसला आणि जिंकलेल्या गटाने त्याला जागा दिली, म्हणजे त्या दिवसापुरते नागरिकशास्त्र शिकवून झाले.